कवडसा पाहताना

चिंचेच्या झाडाखाली दुपारी उभे राहिले की पायांशी उन्हाचे असंख्य ठिपके पडलेले दिसतात, आणि ते जवळजवळ सगळे गोल असतात. मान वर करून पाहिले तर पानांच्या मधली एकही फट गोल नसते. कुठे ती त्रिकोणी असते, कुठे नुसती चीर असते, कुठे दोन डहाळ्या एकमेकींवर आडव्या आल्यामुळे तिला धड आकारच उरलेला नसतो. अशा वेड्यावाकड्या फटींतून आलेले ऊन जमिनीवर गोल होऊन का उतरते, हा प्रश्न फार जुना आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका प्रश्नसंग्रहात तो विचारलेला आहे: विणकामाच्या चौकोनी छिद्रांतून आलेला सूर्यप्रकाश चौकोनी का पडत नाही? पुढे अकराव्या शतकात इब्न अल्-हैथम या अरबी अभ्यासकाने त्यावर बारकाईने विचार केला आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने त्याची नीट उकल केली. उत्तर असे, की जमिनीवर पडलेला प्रत्येक ठिपका ही सूर्याची प्रतिमा असते. फट लहान असली आणि जमीन तिच्यापासून पुरेशी दूर असली, की फटीचा आकार पुसला जातो आणि सूर्याचा आकार उरतो. म्हणजे चिंचेखालून चालत जाणारा माणूस शेकडो सूर्यांवर पाय देत जात असतो.

हे मला कळले तेव्हा मी शाळेत नव्हते, चांगली मोठी झाले होते आणि कवडसे जन्मभर पाहत आले होते. पण ते कळल्यानंतर झाडाखालची जमीन माझ्यासाठी पहिल्यासारखी राहिली नाही. आजही रस्त्याच्या कडेला एखादे झाड लागले की नजर आधी खाली जाते. सकाळी ठिपके लंबगोल असतात, कारण ऊन तिरपे येते. दुपारी ते गोलाकडे झुकतात. संध्याकाळी पुन्हा लांबतात. चिंचेची बारीक पाने हजार ठिपके पाडतात, वडाची जाड पाने मोजकेच पाडतात, आणि जे पडतात ते उंचावरून आलेले असल्याने मोठे आणि मंद असतात. झाडाखाली पाच मिनिटे थांबायला मला त्यानंतर कधी वेगळे कारण लागले नाही.

रोजच्या जगण्यातले सौंदर्य पाहावे, क्षणात राहावे, असे हल्ली पुष्कळ बोलले जाते आणि ते खरेही आहे. मात्र माझा अनुभव असा, की नुसते थांबल्याने अर्धेच काम होते. थांबल्यावर जे समोर येते त्याच्या आत शिरायला कल्पना लागते. आणि ती कल्पना वस्तूला सोडून उडणारी असून चालत नाही, तिने वस्तूचा हात धरून तिच्यामागे जायला हवे. सावधपणा आणि कल्पनाशक्ती या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत, असे मानणारेही आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात वजन आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेची शिबिरे १९७६पासून होत आली आहेत. तिथे पहिले तीन दिवस साधकाला केवळ आपला श्वास पाहायला सांगतात. तो जसा आहे तसा, त्याला कोणताही शब्द, नाम किंवा कल्पित रूप न जोडता. मी ते शिबिर केलेले आहे आणि मनाला एका जागी बसवण्याचे जे शिक्षण तिथे मिळाले, त्याचे मोल मी कमी लेखत नाही. शांत बसायला मी तिथे शिकले, तरी पाहायला मी शिकले ते त्याच्या कितीतरी आधी, आजोळच्या माजघरात.

आजोळ राजापूर तालुक्यातले. घर नळ्यांच्या कौलांचे होते. दर वर्षी मे महिन्यात घर शाकारून घेत, कौले काढून, झाडून, पुन्हा बसवत, म्हणजे मृगाच्या आत छप्पर पावसाला तयार होई. पावसाळा संपला की माकडे येत, झावळ्या पडत, एखादा नारळ आदळे, आणि कौले इकडची तिकडे सरकत. त्या फटींतून दिवाळीच्या सुमारास माजघरात कवडसे उतरू लागत. माजघर घराच्या मधोमध, त्याला खिडकी नव्हती. तिथला अंधार इतका दाट असे, की बाहेरून आत पाऊल टाकल्यावर थोडा वेळ काहीच दिसत नसे. आणि मग त्या अंधारात छपरापासून सारवलेल्या जमिनीपर्यंत तिरपे उतरलेले उन्हाचे दांडे उभे राहत.

आजी तिथे सूप घेऊन बसे. तांदूळ पाखडताना सुपातून कोंड्याची जी धूळ उठे, ती अंधारात दिसत नसे. पण वर चढता चढता ती कवडशाच्या वाटेत आली, की एकाएकी पेटे. एकेक कण वेगळा दिसे. काही कण सरळ वर जात, काही मध्येच वळत, काही एका जागी थबकून पुन्हा खाली येत, आणि कवडशाची कड ओलांडली की तत्क्षणी नाहीसे होत. स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर माजघरात आला, की त्याच कवडशात त्याच्या निळसर घड्या दिसत; कोंडा सोनेरी आणि धूर निळा, दोन्ही एकाच उन्हात. मी कवडशाच्या कोणत्या बाजूला बसते यावरही पुष्कळ अवलंबून आहे, हे माझे मला कळले होते. फटीकडे तोंड करून बसले तर कण लखलखीत दिसत. फटीकडे पाठ केली तर निम्मे हरवत. याचे कारण धुळीचे कण प्रकाश जास्त करून पुढच्या दिशेला विखुरतात, हे मी पुष्कळ नंतर वाचले. तेव्हा फक्त बसायची जागा ठरलेली होती.

आजीला त्या कवडशांचा उपयोग होता. माजघरात घड्याळ नव्हते आणि तिला त्याची गरज पडत नसे. सकाळी कवडसा पश्चिमेच्या भिंतीवर असे, दुपारी खाली जमिनीवर येई, आणि दिवस कलला की पूर्वेच्या बाजूला ठेवलेल्या कणगीवर चढू लागे. “अगो, ऊन कणगीवर चढलं, आधण ठेव,” असे ती सूप न थांबवता म्हणे, आणि चहाची वेळ झालेली असे. मार्गशीर्षात दुपारी जात्याजवळ पडणारा कवडसा चैत्रापर्यंत उंबऱ्याच्या बाजूला सरकलेला असतो, हेही तिला ठाऊक होते. आणि मला आज जे सर्वांत विलक्षण वाटते ते असे, की दर वर्षी शाकारणी झाली की कौलांच्या सगळ्या फटी बदलत. जुने कवडसे जात, नव्या जागी नवे येत. पावसानंतर आजीला आपले घड्याळ पुन्हा नव्याने शिकून घ्यावे लागे, आणि काही दिवसांत ती ते शिकलेली असे. तिने हे कोणाला सांगितल्याचे मला आठवत नाही; हाताला काम चालू असताना नजरेने केलेली ती नोंद होती.

त्या कवडशातल्या धुळीचे आपल्या परंपरेत एक मोठे स्थान आहे, हे मला बऱ्याच उशिरा समजले. जाळीच्या खिडकीतून येणाऱ्या सूर्यकिरणांत जो बारीक रजःकण दिसतो, त्याला जुन्या ग्रंथांत त्रसरेणू म्हटले आहे. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या विचारात डोळ्यांना दिसू शकणारी सर्वांत लहान गोष्ट हीच. तिच्यापलीकडे अणू आहेत, पण ते अनुमानानेच जाणायचे. आणि याज्ञवल्क्यस्मृतीत तर सोने तोलायची सगळी मापे या कणापासून सुरू होतात. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, तीन लिक्षांची एक राई, तीन रायांची एक पांढरी मोहरी, सहा मोहऱ्यांचा एक मध्यम जव, तीन जवांची एक गुंज, पाच गुंजांचा एक मासा आणि सोळा माशांचा एक सुवर्ण.

या कोष्टकापाशी मी पुन्हा पुन्हा येते. कवडशातला कण तोलेल असा तराजू तेव्हा कोणाकडेही नव्हता, आणि असता तरी तो कण पकडून तराजूत ठेवणार कसा? तरीही सोनाराच्या दुकानातल्या गुंजेच्या मुळाशी कोणीतरी तो कण ठेवला. त्या माणसाने कधीतरी एखाद्या अंधाऱ्या खोलीत बसून जाळीतून येणारे ऊन पाहिले असणार, कण दिसतो तिथपर्यंत नजर नेली असणार, आणि नजर थांबली तिथून पुढे मनाने चालत गेला असणार. मी ज्या कल्पनेविषयी बोलते आहे ती ही. ती डोळे मिटून येत नाही. डोळ्यांनी आपले काम पूर्ण केल्यावर ती सुरू होते, आणि डोळ्यांनी जे पाहिले त्याच्याशी इमान राखते.

कवडशाच्या दुसऱ्या टोकाकडेही असेच जाता येते. भिंतीवर पडलेला तो प्रकाश सूर्यापासून निघाला त्याला ८ मिनिटे आणि सुमारे २० सेकंद झालेली असतात. सकाळी आधण ठेवले तेव्हा निघालेला किरण, चहा उकळून, गाळून, कपात ओतून होईपर्यंत १५ कोटी किलोमीटर कापून आलेला असतो, आणि शेवटच्या दोन-तीन मीटरांत खिडकीच्या फटीतून वाट काढून फ्रीजच्या दारावर थांबतो. वाटेत दुसरे काही आडवे आले नाही. मी माझा तळहात मध्ये धरला तर तेवढ्यापुरता त्याचा प्रवास तळहातावर संपतो, आणि तिथे किंचित ऊब लागते. सूर्याचे अंतर त्याच्या व्यासाच्या साधारण १०७ ते १०८ पट आहे, त्यामुळे कवडसाही फटीपासून जितका दूर असेल त्याच्या एकशेआठाव्या भागाएवढा रुंद पडतो. फट सव्वातीन मीटरांवर असेल तर कवडसा सुमारे तीन सेंटिमीटरांचा, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून थोडा मोठा. उलटेही करता येते: कवडसा पट्टीने मोजा, १०८ने गुणा, आणि वर अंधारात न दिसणारी फट किती उंचीवर आहे ते कळते. जपमाळेतल्या १०८ मण्यांचा या आकड्याशी संबंध जोडणारे लोक मला भेटले आहेत. तो दुवा मला सिद्ध झालेला वाटत नाही, आणि त्यावाचूनही हे गणित मला पुरेसे सुंदर वाटते.

मात्र या सगळ्यापेक्षा जी गोष्ट नुसते बसल्याने मिळते, ती कवडशाची चाल. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि सूर्याचे बिंब आकाशात साधारण अर्धा अंश रुंद दिसते. म्हणून दोन मिनिटांत कवडसा आपल्या रुंदीएवढा सरकतो. दोन मिनिटे ही थांबता येण्यासारखी वेळ आहे. भिंतीवर कवडशाच्या पुढच्या कडेला पेन्सिलीने एक बारीक खूण करावी आणि फक्त पाहत राहावे. सुरुवातीला काही घडत नाही असे वाटते. मन दुसरीकडे जाते, परत येते. मग खूण उजेडात गेलेली दिसते आणि ती कधी गेली हे कळलेले नसते. तेव्हा दुसरी खूण करावी आणि या वेळी कडेवरून नजर हलवू नये. प्रकाशाची कड रेखीव नसते, तिला एक मऊ झालर असते, आणि त्या झालरीत भिंतीचा खडबडीतपणा एकेका कणाने उजळत जातो: रंगाचा एखादा पोपडा आधी चमकतो, मग त्याच्या पलीकडचा खळगा भरतो. पाहता पाहता एक क्षण असा येतो, की सरकतो आहे तो कवडसा नव्हे, भिंत सरकते आहे, घर सरकते आहे, आपण बसलेली खुर्ची पूर्वेकडे चालली आहे, असे अंगाला जाणवते. पुस्तकात शिकलेली गोष्ट अशी अंगाला लागणे फार थोड्या वेळा घडते. मला ती दर वेळी लागते असे नाही. ज्या दिवशी घाई असते त्या दिवशी भिंत जागची हलत नाही.

जयपूरच्या जंतरमंतरमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर पाहता येते. तिथल्या सम्राट यंत्राची, म्हणजे २७ मीटर उंच सूर्यघड्याळाची, सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर पुढे जाते, आणि लोक पायऱ्यांशी थांबून ती सरकताना पाहतात. त्याच यंत्राच्या पोटात अंधाऱ्या खोल्यांमध्ये षष्ठांश यंत्र आहे, त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. वर एक छिद्र, खाली अंशांच्या खुणा केलेली वक्र पट्टी, आणि माध्यान्हीच्या वेळी त्या पट्टीवरून जाणारा सूर्याचा कवडसा. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेली ही वेधशाळा, आणि तिच्या एका फार काटेकोर यंत्राचे मूळ आमच्या माजघरातल्या फटीहून वेगळे नाही.

कवडसा म्हणजे सूर्याचे चित्र, हे ज्यांना सांगून पटत नाही त्यांना ग्रहणाच्या दिवशी सांगावे लागत नाही. २६ डिसेंबर २०१९ रोजी, मार्गशीर्ष अमावास्येला, कंकणाकृती सूर्यग्रहण झाले. कंकण दिसले ते दक्षिण कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूच्या काही भागांतून. महाराष्ट्रात ते खंडग्रास होते, सकाळी आठनंतर लागले आणि साडेनऊच्या आसपास सूर्याचा बराच मोठा भाग झाकला गेला. आमच्या इमारतीच्या आवारात एक जुना पर्जन्यवृक्ष आहे. त्याच्याखालचा प्रत्येक ठिपका त्या वेळी चंद्रकोर झाला होता. पार्किंगच्या फरशीवर, स्कूटरच्या सीटवर, रखवालदारांच्या खाकी बाहीवर, सगळीकडे कोरी पडल्या होत्या आणि सगळ्या एकाच बाजूला तोंड करून होत्या. मुले त्या वेचायला धावत होती. कोणीतरी घरातून झारा आणला, कोणी चाळण आणली, आणि चाळणीने तर फरशीवर कोरींची रांगोळी काढली. सूर्याकडे थेट पाहायचे नसते, हे त्या दिवशी सगळेच एकमेकांना बजावत होते, आणि कोणाला तशी गरजही वाटली नाही.

पहिल्या मजल्यावरच्या काकू ग्रहणाचे वेध पाळतात, त्या खाली आल्या नाहीत. पण त्यांच्या गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी आहे. मी खालून हाक मारली, “काकू, तुमच्या मागच्या भिंतीवर बघा!” त्यांनी वळून पाहिले. कढीपत्त्याच्या पानांतून आलेल्या कोरी त्यांच्या भिंतीवर आणि पदरावर थरथरत होत्या. ग्रहण सुटेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या. नंतर स्नान करून त्यांनी स्वयंपाकाला सुरुवात केली आणि संध्याकाळी मला म्हणाल्या, की इतकी वर्षे ग्रहणे पाळली, पण ग्रहण घरात येताना आज पाहिले. त्या वाक्याइतके नेमके मला काही सुचले नसते.

त्या कोरी सूर्यावरच्या कोरीच्या उलट्या होत्या, हेही त्या दिवशी मुलांच्या लक्षात आले. छिद्रातून आलेली प्रतिमा वरची खाली आणि डावीची उजवी होते. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात एका अंधाऱ्या खोलीत भिंतीतल्या छिद्रामुळे गोपुराची उलटी छाया पडते, ती याच नियमाने. आणि यातूनच कवडशाचे एक असे रूप सापडते, जे पाहायला ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही. सूर्यावरून विरळ ढग जात असताना भिंतीवरचा कवडसा पाहावा. फट बारीक असेल तर त्या छोट्याशा वर्तुळातून ढगाची कड सरकत जाताना दिसते, आणि ती आकाशातल्या ढगाच्या उलट दिशेने जाते. श्रावणात हे फार छान दिसते.

एका किरणाकडे गावाने मिळून पाहावे, याची आपल्याकडे एक जिवंत रीत आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मंदिरात वर्षातून दोनदा किरणोत्सव होतो: परंपरेने ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात, पितळी उंबऱ्यावरून गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत पोहोचतात, दुसऱ्या दिवशी त्याहून वर, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. किमान तशी अपेक्षा असते. ढग, हवेतली आर्द्रता, धूळ आणि वाटेत उभी राहिलेली बांधकामे यांमुळे काही वर्षी किरण अर्ध्या वाटेत क्षीण होतात, आणि म्हणून अभ्यासक मंडळी आता टप्प्याटप्प्यावर प्रकाशाची तीव्रता मोजून नोंदी ठेवतात. मी एकदा नोव्हेंबरात त्या गर्दीत उभी होते. किरण उंबऱ्याशी आला तेव्हा हजारो माणसे गप्प झाली. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी किंवा संध्याकाळी तोच सूर्य येत असणार, तितक्याच तिरप्या अंगाने. देवळाने फक्त त्या दिवसाला एक तारीख दिली, एक वाट आखून दिली आणि त्या वाटेच्या शेवटी एक मुख ठेवले. बाकी सगळे येणाऱ्यांनी आपापल्या मनातून आणले होते, आणि त्या मनांचा भार मला तिथे उभे असताना स्पष्ट जाणवत होता.

किरणोत्सवाच्या तारखांत एक मेळ आहे. हिवाळी अयनदिन, म्हणजे वर्षातला सर्वांत लहान दिवस, २१-२२ डिसेंबरचा. १० नोव्हेंबर त्याच्या जितके दिवस आधी, जवळजवळ तितकेच दिवस नंतर १ फेब्रुवारी. दोन्ही वेळी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सारखाच, सुमारे १७ अंश असतो, म्हणून किरणाची वाट एकच. पण घड्याळ पाहिले तर नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि फेब्रुवारीत साडेसहाच्या. किरण तोच, दार तेच, आणि वेळेत अर्ध्या तासाचा फरक. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, या दोन कारणांनी सूर्य आपल्या घड्याळाच्या पुढे-मागे होत राहतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १६ मिनिटे पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला १४ मिनिटे मागे.

हे मी माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाहिले. पूर्वेच्या खिडकीच्या वरच्या काचेवर मी काळा पुठ्ठा चिकटवला आणि त्याला एक लहान चौकोनी भोक पाडले. चौकोनी अशासाठी, की समोर गोल पडलेला पाहून येणाऱ्याने विचारावे. दर रविवारी सकाळी बरोबर आठ वाजता कवडशाच्या मध्यावर पेन्सिलीने एक टिंब करायचे आणि शेजारी तारीख लिहायची, एवढाच नेम. पावसाळ्याचे बरेच रविवार ढगांत जातात. उरलेली टिंबे उन्हाळ्याकडून हिवाळ्याकडे भिंतीवरून तिरपी उजवीकडे चालत गेली, आणि अयनदिनानंतर परत फिरली. माझी अशी समजूत होती, की ती आली त्याच वाटेने परततील. तशी ती परतत नाहीत. नोव्हेंबरातल्या टिंबापेक्षा फेब्रुवारीच्या आरंभीचे टिंब दीड-दोन विती वर पडले, कारण घड्याळात आठ वाजले असले तरी सूर्य उगवून त्या दिवशी कमी वेळ झाला होता. वर्ष पुरे होता होता टिंबांची ओळ स्वतःलाच एकदा छेद देते आणि भिंतीवर एक लांबट, कललेला इंग्रजी आठ तयार होतो.

माझी भाची सुटीत राहायला आली होती. तिने ती टिंबे पाहिली, तारखा वाचल्या, बोटाने एकेक जोडत गेली आणि विचारले, “मावशी, हे घड्याळ चुकतंय की सूर्य?” मी तिला पुठ्ठ्याचे भोक दाखवले, समोरचा गोल दाखवला आणि पट्टी हातात दिली. तिने आधी गोल मोजला, मग खुर्चीवर चढून खिडकीपासूनचे अंतर मोजले, आणि भागाकार करून १०६ काढले. मग दुसरे काही न विचारता ती भिंतीसमोर मांडी घालून बसली आणि गोलाच्या कडेला तिने स्वतःची एक खूण केली. चहा दोनदा गरम करावा लागला. पुढच्या रविवारचे टिंब फोनवरून तिला कळवायचे, असे ठरले आहे. आकाश निरभ्र नसेल तर तेही कळवायचे, आणि ढगाची कड कोणत्या बाजूने गेली ते लिहून ठेवायचे, हे तिने मला वर बजावून सांगितले आहे.